घडीचा आडोसा: गॅस स्टोव्हभोवती पत्रा कोणता, किती उंच आणि कुठवर

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार जणांचा गट, गॅसच्या कॅनिस्टरवर फिरवून बसवायचा छोटा बर्नर, डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम. चहाचं आधण ठेवून पंचवीस मिनिटं झाली तरी पाणी नुसतं कोमट, आणि २३० ग्रॅमचा नवा डबा एका संध्याकाळीच अर्ध्यावर आला. आता घरीच पत्र्याचा घडीचा आडोसा, म्हणजे विंडस्क्रीन, करायचा आहे. पत्रा कोणता घ्यावा, उंची किती ठेवावी, आणि स्टोव्हला चहूबाजूंनी गोल गुंडाळला तर गॅस आणखी वाचेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची मापं त्यावरच ठरतात. तुमच्या स्टोव्हला आडोसा चहूबाजूंनी लावायचा नाही. बर्नर थेट डब्यावर बसत असेल तर वर्तुळाचा निदान चौथा हिस्सा पूर्ण उघडा राहिलाच पाहिजे. आडोसा करायचा, कोंडायचं नाही. मी भोसरीत बरीच वर्षं पत्र्याचं काम केलं आणि त्याहून जास्त वर्षं सह्याद्रीत फिरतोय. लोक आडोसा चांगला करतात आणि लावताना नेमकी हीच चूक करतात, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतो.

डब्यात काय चालतं ते आधी पाहा. आत ब्युटेन किंवा आयसोब्युटेन द्रवरूपात असतं, बऱ्याच डब्यांत थोडं प्रोपेनही असतं. बर्नर चालू असताना या द्रवाची सतत वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातूनच ओढली जाते. म्हणून नीट चालणाऱ्या स्टोव्हचा डबा हाताला गार लागतो, थंडीत तर त्यावर दव धरतं. डबा गार असणं हीच तब्येत ठीक असल्याची खूण. आता त्याच्याभोवती चकचकीत पत्रा गोल बंद केला की भांड्याच्या बुडाखालची तापलेली हवा बाहेर पडायला वाट शोधत खाली वळते, आणि पत्र्यावरून परतलेली उष्णता डब्यावर पडते. शुद्ध ब्युटेनचा डब्यातला दाब २० अंशांना हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट असतो, ५० अंशांना तो पाचपटीच्या आसपास जातो. प्रोपेन मिसळलेलं असेल तर त्याहून जास्त. डब्यावर ५० अंशांच्या वर तापवू नका असं छापलेलं असतं ते उगीच नव्हे.

राजगडावर पद्मावती माचीवर एका गटाने दहा जणांची खिचडी अशाच छोट्या बर्नरवर ठेवली होती. पातेलं बर्नरच्या चौपट रुंद, भोवती दगडांची गोल भिंत रचलेली, वर झाकण. मी सहज हात घालून डब्याला स्पर्श केला तर हात दोन सेकंदही ठेववेना. गॅस बंद केला, दगड बाजूला केले, पातेलं उतरवलं. वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. ते बेफिकीर नव्हते. वाऱ्यावर इलाज म्हणून त्यांनी मनापासून बंदोबस्त केला होता, आणि तो बंदोबस्तच अंगावर येणार होता. मोठ्या पातेल्याचं बूड हेही छपरासारखं काम करतं आणि उष्णता खाली डब्याकडे परतवतं. म्हणून डब्यावरच्या बर्नरवर सोळा-अठरा सेंटिमीटरपेक्षा रुंद भांडं किंवा भाकरीचा तवा ठेवूच नये, आडोसा असो वा नसो.

आता आडोशाने वाचतं काय, तेही आकड्यांत पाहू. एक लिटर पाणी २० अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर उंच आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या जवळपासच उकळतं. एक ग्रॅम ब्युटेन जळलं की साधारण ४५ किलोज्यूल मिळतात. सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर सात ग्रॅम गॅसमध्ये लिटरभर पाणी उकळलं असतं. प्रत्यक्षात वारा नसतानाही जवळपास निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते, म्हणून चौदा-पंधरा ग्रॅम धरायचे. या हिशोबाने २३० ग्रॅमचा डबा पंधरा लिटर पाण्याला पुरायला हवा. तुमचा एका चहात आणि एका भातात अर्धा संपला, म्हणजे बाकीचा गॅस गडावरच्या कोकणकड्याच्या वाऱ्याला तापवण्यात गेला.

वारा दोन तऱ्हांनी नुकसान करतो. ज्योत बुडाखालून एका अंगाला झुकते आणि तापलेली हवा भांड्याला न लागताच निघून जाते. शिवाय भांड्याच्या अंगाला जी थोडी ऊब धरते तीही वारा पुसून नेतो. अशा वेळी आपण नॉब मोठा करतो. त्याने ज्योत मोठी होते, पण झुकलेलीच राहते, आणि गॅस दुपटीने जातो. थांबवायचा आहे तो बर्नरचं तोंड ते भांड्याचा खालचा तिसरा हिस्सा एवढ्या उंचीतला वारा. आडोशाची उंची इथूनच निघते.

तुमच्या प्रकारच्या स्टोव्हला डबा नऊ-दहा सेंटिमीटर, त्यावर बर्नर आणि पाय मिळून सातआठ, म्हणजे भांड्याचं बूड जमिनीपासून सतरा-अठरा सेंटिमीटरवर येतं. तुम्ही तुमचं मोजून घ्या. बुडाच्या वर पाच-सहा सेंटिमीटर पत्रा आला की पुरे, म्हणून उंची २४ सेंटिमीटर. त्याहून उंच केला तर भांड्याचा दांडा अडतो, पक्कड आत घालायला त्रास होतो आणि वाऱ्याला धरायला जास्त पत्रा मिळून आडोसाच कलंडतो. रुंदी अशी काढा: भांडं १६ सेंटिमीटर व्यासाचं, त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार सेंटिमीटर मोकळे, म्हणजे २४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, परीघ साधारण ७५. त्याचा पाऊण भाग ५६. आठ सेंटिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या केल्या की बरोबर ५६ होतात. बाजारातले आडोसे आठ, नऊ, दहा पट्ट्यांचे मिळतात आणि त्यांची दोन्ही टोकं सहज जोडता येतात, त्यामुळे माणसाला जोडावीशीच वाटतात. आपण सातच करायच्या. टोकं भिडणारच नाहीत एवढाच पत्रा असला की अंधारात, दमलेल्या हातांनीही चूक होत नाही.

स्टोव्ह वेगळा असेल तर हिशोब बदलतो. ज्या स्टोव्हला बर्नर जमिनीवर आणि डबा लांब नळीने बाजूला असतो, त्याला आडोसा पूर्ण गोल चालतो, कारण डबा बाहेर राहतो. तिथे भांड्याचं बूड आठ-नऊ सेंटिमीटरवर असतं, म्हणून चौदा-पंधरा सेंटिमीटर उंची पुरते आणि खालच्या कडेला हवेसाठी भोकांची एक रांग लागते. स्पिरिटच्या छोट्या स्टोव्हला तर आडोसा हवाच. ती ज्योत कमकुवत असते आणि उन्हात दिसतही नाही. ट्रांजिया या स्वीडिश स्टोव्हची सगळी रचनाच आडोशाभोवती केलेली आहे. रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हची टाकी मात्र दाबाखाली असते, तिला डब्याचाच नियम लावा.

पत्र्याकडे येऊ. माझी पहिली पसंती ऑफसेट छपाईच्या वापरलेल्या प्लेटला. ही प्लेट ॲल्युमिनियमची असते, जाडी बहुधा ०.१५ ते ०.३ मिमीच्या दरम्यान, आणि छापखान्यातून काम झालं की ती भंगारात जाते. तुमच्या ओळखीत छापखाना असेल तर विचारा, ०.३ मिमीची प्लेट मागा. नाहीतर पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, अशा ठिकाणी ॲल्युमिनियमचा साधा पत्रा मिळतो. दुकानदार गेजमध्ये बोलेल: ३० गेज म्हणजे सुमारे ०.३१ मिमी, २८ गेज म्हणजे सुमारे ०.३८. दोन्ही चालतील. ०.३ मिमीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साधारण ८१० ग्रॅम पडतं, त्यामुळे कड दुमडण्यासाठी लागणारा जादा पत्रा धरूनही आपला आडोसा दीडशे ग्रॅमच्या आसपास राहतो.

स्वयंपाकघरातली फॉइल चौपदरी करून वापरणारे आहेत. एका मुक्कामाला चालते, दुसऱ्या वाऱ्याला चुरगळते. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा ताठ असतो आणि फुकट मिळतो, पण तो लोखंडी, म्हणजे जवळपास तिप्पट वजनाचा, पावसाळ्यात गंजतो आणि त्यावरची छपाई पहिल्यांदा तापली की घाण धूर सोडते. मोठ्या गटाच्या मोठ्या शेगडीला मी तोच वापरतो, पाठीवरच्या सॅकसाठी नाही. जस्त चढवलेला, म्हणजे गल्व्हनाइज्ड, पत्रा नको. जस्त ४२० अंशांना वितळतं, आणि फार तापलं तर त्याची वाफ छातीत जाऊन ताप आणते. गल्व्हनाइज्ड पत्र्याचं वेल्डिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे जे चकचकीत तुकडे पडलेले असतात, ज्यांना ते एसीपी म्हणतात, ते हातात घेऊन कड बघा: दोन पातळ ॲल्युमिनियमच्या थरांमध्ये प्लास्टिक असतं. स्टोव्हशेजारी ते पेट घेतं. दिसायला अगदी आपल्याला हवं तसं असल्यामुळे हा धोका मुद्दाम सांगतो.

छपाईची प्लेट घेतली तर एका अंगाला रसायनाचा थर आणि शाई असते. उघड्यावर, हातमोजे घालून, थिनरने आणि तारेच्या घासणीने तो थर काढा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. एवढं केल्यावरही पहिल्यांदा आडोसा घराबाहेर, भांडं न ठेवलेल्या पेटत्या स्टोव्हशेजारी धरून तापवून घ्या. थोडा वास येतो, तो चहाच्या वेळी यायला नको.

या प्लेटचा एक स्वभाव आहे. ती कडक पत्र्याची असते, झटकन काटकोनात दुमडली की घडीवर चीर जाते. बरेच जण एकच लांब पत्रा घेऊन त्याला पंख्यासारख्या घड्या घालतात. दिसायला सोपं आहे आणि तीन-चार ट्रेक टिकतंही, पण ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवलं की ते तिथे कडक होत जातं आणि एक दिवस गडावरच दोन तुकडे हातात येतात. म्हणून सुट्या पट्ट्या आणि मधे कड्या. वाकायचं काम पत्र्याने करायचं नाही, कड्यांनी करायचं.

प्रत्येक पट्टी तयार झाल्यावर ८ बाय २४ सेंटिमीटर हवी. चारही कडा आठ-आठ मिलिमीटर आत दुमडायच्या आहेत, म्हणून कापताना ९.६ बाय २५.६ घ्या. गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून टोकदार खिळ्याने रेघ ओढा, पेन्सिल पुसली जाते. पत्रा कापायच्या कात्रीने कापताना कात्री पूर्ण मिटू नका. टोकापर्यंत मिटली की तिथे बारीक दातरा राहतो आणि पुढे तोच बोट कापतो. चारही कोपऱ्यांचे आठ मिलिमीटरचे चौकोन कापून टाका, नाहीतर दुमडीवर दुमड येऊन कोपरा फुगतो. कानस हलकेच फिरवा. या सगळ्या वेळात जाड हातमोजे हातात असू द्या. इतक्या पातळ पत्र्याची जखम खोल जाते.

कड दुमडणं हे या कामातलं खरं कौशल्याचं अंग आहे, इथे घाई करू नका. कड दुमडल्याने दोन गोष्टी साधतात: धार जाते, आणि लिबलिबीत पत्रा ताठ होतो. दुमड नसलेली ०.३ मिमीची पट्टी वाऱ्यात कागदासारखी फडफडते. दोन लोखंडी अँगलचे तुकडे घ्या, त्यांच्यामध्ये पट्टी धरून आठ मिलिमीटर बाहेर ठेवा, दोन सी-क्लॅम्पनी आवळा. मग लाकडी मोगरीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू, तीन-चार फेऱ्यांत, काटकोनापर्यंत आणा. लोखंडी हातोडी वापरली तर पत्रा ताणला जातो आणि पट्टी लाटेसारखी वाकडी होते. काटकोन झाला की क्लॅम्प सोडा, आत मिलिमीटरभर जाडीची पट्टी ठेवून त्यावर कड मिटवा, ती पट्टी ओढून काढा आणि शेवटचे हलके ठोके द्या. घडी अगदी सपाट न होता थोडी गोलसर राहिली पाहिजे. तीच चीर जाण्यापासून वाचवते.

तरीही चीर जात असेल तर पत्रा नरम करून घ्यावा लागेल. ॲल्युमिनियम तापताना लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांना एकदम वितळून गळतं. म्हणून पत्र्याचं काम करणारे साबण वापरतात. घडीच्या रेघेवर साबणाची कोरडी वडी घासा, मागच्या बाजूने छोटी ज्योत फिरवत राहा. साबण गडद तपकिरी, काळपट झाला की लगेच ज्योत काढा आणि पत्रा आपोआप गार होऊ द्या. त्यानंतर तो हाताने वाकेल इतका मऊ होतो. फक्त घडीच्या रेघेवरच करा, सगळी पट्टी मऊ केली तर ताठपणा जाईल. आणखी एक बारकावा: पत्र्याच्या मागच्या बाजूला लाटताना पडलेल्या बारीक समांतर रेघा दिसतात. घडी त्या रेघांना आडवी आली तर कमी फुटते. पट्टीच्या चार कडांपैकी दोनच आडव्या येऊ शकतात, म्हणून लांब कडांना ते भाग्य द्या.

आता भोकं. दुमडून झाल्यावरच पाडायची, म्हणजे ती दुपदरी पत्र्यातून जातात आणि फाटत नाहीत. लांब कडेपासून चार मिलिमीटर आत, ३ मिमी व्यासाची, प्रत्येक कडेला तीन: वरून दोन सेंटिमीटरवर, मध्यावर, आणि खालून दोन सेंटिमीटरवर. एका पट्टीवर नीट मोजून पाडा आणि तीच फर्मा म्हणून बाकीच्यांवर ठेवा. प्रत्येक पट्टीवर नव्याने मोजलं की अर्धा-अर्धा मिलिमीटर चुकत जातो आणि सातव्या पट्टीला आडोसा तिरका उभा राहतो. खाली लाकडी ठोकळा ठेवून, आधी पंचाने खूण करून मग ड्रिल चालवा.

पट्ट्या जोडायला दहा-बारा मिलिमीटर व्यासाच्या कड्या लागतात. सात पट्ट्यांना सहा सांधे, प्रत्येकी तीन, म्हणजे अठरा. किल्ल्यांच्या छोट्या दुहेरी कड्या दुकानात मिळतात, त्या उत्तम. हाताने करायच्या असतील तर दीड मिलिमीटरची स्टीलची तार दहा मिलिमीटरच्या सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळा आणि कटरने एकेक वेढा कापून घ्या. कडी यापेक्षा लहान घेतली तर पट्ट्या एकमेकींवर सपाट मिटत नाहीत. तांब्याची तार मऊ पडते, प्लास्टिकचा टाय वितळतो. सांध्यात दोन मिलिमीटरची फट राहते. तिच्यातून वारा येईल अशी शंका सगळ्यांनाच येते. येतो, पण तेवढ्याने ज्योत हलत नाही. त्याच फटीमुळे आडोसा दोन्ही दिशांना मिटतो, ही सोय फार मोठी आहे.

पहिल्या आणि शेवटच्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला मी सायकलचा जुना स्पोक घालतो. साधा स्पोक २ मिमी जाडीचा असतो, मोठ्या चाकाचा असेल तर लांबी तीस सेंटिमीटरच्या जवळ भरते. या दोन कडांना आठऐवजी दहा मिलिमीटर पत्रा ठेवा आणि सपाट दुमडण्याऐवजी स्पोकभोवती गोल वळवा, इतकं सैल की स्पोक वर-खाली सरकेल. त्याचं वाकडं डोकं वर राहतं, ते पकडायला कामी येतं. खालचे पाच सेंटिमीटर मातीत खुपसले की आडोशाची दोन्ही टोकं जागची हलत नाहीत. स्पोकच्या टोकाची आटे असलेली बाजू कानसीने थोडी टोकदार करून घ्या आणि नेताना त्यावर बुचाचा तुकडा लावा, नाहीतर सॅकला भोक पडतं.

सह्याद्रीत मात्र अर्ध्या ठिकाणी माती नसते, सरळ कातळ असतो. तिथे स्पोक वर ओढून घ्यायचे आणि आडोसा किंचित नागमोडी उभा करायचा, म्हणजे तो स्वतःच्या बळावर उभा राहतो. बाहेरच्या अंगाने बुडाशी तीन दगड टेकवले की झालं. दगड आतल्या बाजूला ठेवू नका, ते तापतात आणि डब्याजवळ तापलेला दगड नको.

जागा निवडताना कड्याच्या काठापासून लांब या. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो आणि काठ ओलांडला की गोल फिरतो. तिथे पाच मिनिटांपूर्वी बरोबर लावलेला आडोसा उलटा ठरतो. चिमूटभर सुकी माती हातातून सोडून दिशा बघा, दोन-तीन वेळा बघा. आडोशाची पाठ वाऱ्याकडे, उघडी बाजू तुमच्याकडे, आणि नॉबही तुमच्याकडे. काही बिनसलं तर ज्योतीवरून हात न नेता गॅस बंद करता आला पाहिजे. आजूबाजूचं वाळकं गवत हातभर अंतरापर्यंत साफ करा, कारण तापलेला पत्रा गवतावर कलंडला तरी पुरेसं आहे. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि जानेवारीनंतर तिथलं गवत काडी पडायची वाट बघत असतं.

वारा फार झाला की लोक स्टोव्ह गुहेत किंवा तंबूत नेतात. गुहेच्या तोंडाशी, हवा खेळती असेल तिथे ठीक. तंबूत कधीही नाही. भांड्याच्या गार बुडावर ज्योत आपटली की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, डोकं जड होतं आणि झोप येते, आणि दमलेल्या माणसाला झोप येणं साहजिकच वाटतं. आडोसा भांड्याला फार जवळ लावला की हवा कमी पडून हेच होतं. ज्योतीची टोकं पिवळी दिसू लागली किंवा भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली तर आडोसा दोन बोटं मागे घ्या.

गडावर नेण्याआधी गच्चीवर एक संध्याकाळ द्या. टेबलफॅन दीड मीटरवर ठेवा, भांड्यात मोजून अर्धा लिटर पाणी घ्या, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्याचं वजन आधी आणि नंतर करा, वेळ लिहून ठेवा. एकदा पंखा बंद, एकदा पंखा चालू आणि आडोसा नाही, एकदा दोन्ही. अर्ध्या लिटरला, पंखा बंद असताना, साधारण सात-आठ ग्रॅम गॅस जायला हवा. आडोसा लावून पंख्यासमोर तुम्ही या आकड्याच्या दोन-तीन ग्रॅम जवळ आलात तर आडोसा उत्तम झाला. तिसऱ्या चाचणीत दर मिनिटाला उघड्या बाजूने हात घालून डब्याला तळहात लावा. तो गार किंवा हवेइतकाच लागला पाहिजे. कोमट लागला तर कड्या सोडून एक पट्टी काढून टाका आणि सहा पट्ट्यांवर पुन्हा करून बघा. काढलेली पट्टी जपून ठेवा. पुढे कधी नळीचा स्टोव्ह घेतलात तर तिच्यासारख्या आणखी तीन करून खालच्या कडेला भोकं पाडा, उंची पंधरावर आणा, आणि तिथे मात्र वर्तुळ पूर्ण करा.